परीक्षेच्या हंगामातला वर्ग : चुकलेल्या उत्तरांचा माग

सांकेतिक भाषा या आठवड्यात घेऊ असं म्हटलं होतं, ती पुढे ढकलतो. अंबाजोगाईकडच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आठवडाभर थांबवून ठेवण्यासारखा नाही. मुलगा आठवीत आहे. फेब्रुवारीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळेत जादा तास सुरू आहेत आणि दर शनिवारी सराव परीक्षा होते. पेपर १ मध्ये त्याला १५० पैकी ५२ पडले, मग ५०, मग ५४. ताई विचारतात, ‘रोज दोन तास अभ्यासाला बसतो, तरी गाडी तिथल्या तिथेच का? आणखी सराव संच आणून देऊ का?’

ताई, नवे संच नकोत. झालेले तीन पेपर पुन्हा उघडा. का, ते सांगतो.

आधी ५२ म्हणजे किती ते बघू. पेपर १ मध्ये ७५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. २५ प्रश्न प्रथम भाषेचे, ५० गणिताचे. वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. ५२ गुण म्हणजे २६ उत्तरं बरोबर. पण या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून कोणी प्रश्न कोरा सोडत नाही, आणि सोडूही नये. आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि ते दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. बाकीच्या प्रश्नांत चारांतला एक. हे सगळं धरूनही, प्रश्न न वाचता गोल रंगवत गेलं तर सरासरी सतरा-अठरा उत्तरं बरोबर निघतात. या हिशेबाने २६ बरोबर आलेल्या मुलाला खरोखर येणारे प्रश्न दहा-अकराच असू शकतात. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे इथे ६० गुण हवेत. घरच्यांना वाटतं, आता चारच प्रश्न कमी पडतायत, थोडा जोर लावला की झालं.

तसं होत नाही, कारण चुकण्याचे प्रकार दोन. एक मूल प्रश्न न कळल्यामुळे अंदाज मारतं. दुसरं मूल पूर्ण विश्वासाने, आकडेमोड करून, चुकीचा गोल रंगवतं. अंदाज मारणाऱ्याचा चारांत एखादा तरी लागतो. चुकीची रीत डोक्यात पक्की बसलेल्या मुलाचा त्या प्रकारचा सहसा एकही लागत नाही, कारण त्याच्या चुकीच्या रीतीने येणारं उत्तर पर्यायांत हजर असतं. प्रश्न काढणाऱ्याने ते मुद्दाम ठेवलेलं असतं. चांगल्या प्रश्नपत्रिकेतले चुकीचे पर्याय उगाच भरलेले नसतात. त्यातल्या प्रत्येकामागे मुलांची एक ठरावीक चूक असते. मला तर प्रश्नपत्रिकेतला सर्वांत मोलाचा मजकूर हाच वाटतो, आणि सगळ्या हंगामात नेमका तोच वाचायचा राहून जातो.

फळ्यावर चार संख्या लिहा : ०.४, ०.४५, ०.३७५, ०.४०६. यांतली सर्वांत मोठी कोणती? उत्तर ०.४५. काही मुलं ०.४०६ म्हणतात. ती दशांशचिन्हाच्या पुढचा भाग साध्या संख्येसारखा वाचतात आणि ४०६ त्यांना ४५ पेक्षा मोठे दिसतात. काही मुलं ०.४ म्हणतात, आणि त्यांचं डोकं अगदी वेगळ्या वाटेने चाललेलं असतं. दशांश हा शतांशापेक्षा मोठा, शतांश सहस्रांशापेक्षा मोठा, हे त्यांना नीट ठाऊक असतं. पण किती दशांश, किती शतांश, हे न मोजता ‘अंक जितके जास्त तितकी संख्या लहान’ असा नियम त्यांनी स्वतःच बनवलेला असतो. पहिल्यांना शेवटी शून्य जोडून ०.४५० आणि ०.४०६ एकाखाली एक लिहून दाखवलं की ती जागेवर येतात. दुसऱ्यांसाठी शंभर घरांचा चौकोन काढावा लागतो. ०.४ साठी ४० घरं रंगवायची, ०.४५ साठी ४५. चाळीस घरांत आणखी पाच रंगवताना नियम कुठे मोडला ते त्यांना स्वतःला दिसतं.

आता पर्याय बदला : ०.५, ०.३५, ०.१२५, ०.०९९. ‘अंक जास्त तर संख्या लहान’ मानणारं मूल ०.५ हे बरोबर उत्तर देतं. चुकीच्याच नियमाने पूर्ण २ गुण. पुढच्या शनिवारी पहिल्यासारखा प्रश्न आला की ते चुकतं आणि घरी बोलणं बसतं, ‘मागच्या वेळी आलं होतं, या वेळी घाई केलीस.’ त्याने घाई केलेली नसते. दोन्ही वेळा त्याने तेच केलेलं असतं. ५२, ५०, ५४ हे वर-खाली होणारे गुण पुष्कळदा असेच तयार होतात.

ही चूक सातवी-आठवीपर्यंत टिकते कशी? आपण दशांश शिकवतो तो रुपये-पैशांवर. पैशांत चिन्हापुढे नेहमी दोनच अंक, ३.५० आणि ३.३५. तिथे साध्या संख्येसारखं वाचलं तरी उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे चूक उघडी पडत नाही. मी वर्गात वजनं घेतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अर्धा किलो साखर ०.५०० दिसते हे मुलांनी पाहिलेलं असतं. मग वहीतलं ०.५ आणि काट्यावरचं ०.५०० एकच, हे वेगळं पटवावं लागत नाही.

भाषेच्या उताऱ्यांत हेच दुसऱ्या रूपात भेटतं. समजा उताऱ्यात आहे : नदीला पूर आल्याने बाजार भरला नाही आणि सखूबाईंची भाजी वाया गेली. प्रश्न : बाजार का भरला नाही? ‘भाजी वाया गेल्यामुळे’ हा पर्याय बरीच मुलं निवडतात, कारण ते शब्द उताऱ्यात डोळ्यांना दिसलेले असतात. ‘पाणी वाढल्यामुळे’ हा बरोबर पर्याय, पण हे शब्द उताऱ्यात जसेच्या तसे नाहीत म्हणून तो मागे पडतो. अशा मुलाला आणखी दहा उतारे देऊन काही होत नाही. त्याच उताऱ्यात कशामुळे काय झालं, याचे बाण काढायला लावले तर होतं.

पण जानेवारीत वर्गात काय चालतं? पेपर, तपासणी, गुण, पुढचा पेपर. उत्तरं सांगायची ती ‘एकचं तीन, दोनचं एक’ अशी, आणि मुलं बरोबरच्या खुणा मोजतात. शिक्षकांवर ताण आहे हे मी जाणतो. आठवीची हीच मुलं डिसेंबरात एनएमएमएसला बसलेली असतात. तिथे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर, आणि घरच्या हलाखीत नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळवून देणारी ती परीक्षा, म्हणून तिचाही ध्यास. तरी माझं मत ठाम आहे : दोन पेपरांच्या जागी एक घ्या आणि वाचलेला वेळ त्या एकाच्या चुकीच्या पर्यायांना द्या.

आणि तो तास सगळ्या वर्गाचा असू द्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म न भरलेली मुलं या दिवसांत मागच्या बाकांवर शुद्धलेखन करत बसवलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं. चुका तर सगळ्यांच्याच सारख्या असतात.

माझ्या वर्गात एक काम मुलांना सर्वांत आवडतं. प्रश्न त्यांनी काढायचा, एक बरोबर आणि तीन चुकीचे पर्याय द्यायचे, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाशेजारी तो कोण निवडेल आणि का, ते लिहायचं. फॉर्म न भरलेल्या एका मुलीने प्रश्न काढला : लांबी १२ सेमी, रुंदी ५ सेमी असलेल्या आयताचं क्षेत्रफळ किती चौसेमी? पर्याय ६०, ३४, १७, १२०. पुढे लिहिलं होतं, ‘३४ : परिमिती काढणारा. १७ : नुसती बेरीज करून थांबणारा. १२० : परिमितीच्या सूत्रातला २ इथेही घेणारा.’ हा १२० मला एकाही मार्गदर्शिकेत सापडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फळ्यावर दिला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघांनी १२० सांगितलं. समजावायला मी तिलाच पुढे बोलावलं. तिने आयतात एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखले, बारांच्या पाच ओळी, आणि दोघांना मोजायला लावले.

घरी करायचं असेल तर असं करा. चुकलेला प्रश्न मुलासमोर ठेवा, वेळ लावू नका, बरोबर उत्तर सांगू नका. ‘हा पर्याय कसा काढलास ते मला दाखव’ एवढंच म्हणा आणि ऐका. शिकवायची घाई नको. एका बैठकीत पाच-सहा प्रश्न पुरेत. ते तीन पेपर संपले की मागच्या वर्षीचा घ्या, प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळते. एकच चूक तीन-चार प्रश्नांत दिसली तर मला कळवा. पुढच्या आठवड्यात सांकेतिक भाषा नक्की घेतो.