नळीवरचा क्रमांक वाचा

गम बायक्रोमेट छपाईत डिंक, डायक्रोमेट आणि जलरंग यांचं मिश्रण कागदावर लावतात. अतिनील प्रकाश पडेल तिथे डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यात धुऊन जातो. रंगीत छायाचित्रासाठी पिवळा, किरमिजी आणि निळा असे थर एकावर एक चढतात, म्हणून रंगाची पहिली कसोटी पारदर्शकता. कॅडमियम पिवळा इतका झळझळीत, मग तो का नको, असं कुणी विचारेल. तो अपारदर्शक आहे, वर बसला की खालचे थर झाकतो. तळाला चालेल हे खरं, पण मग थरांचा क्रम बदलायची मोकळीक जाते.

टिकाऊपणाचं उत्तर मात्र नळीवरच्या नावात मिळत नाही, रंगद्रव्याच्या क्रमांकात मिळतं. अ‍ॅलिझरिन क्रिमसनच्या नळीत पीआर ८३ असेल, तर रंग उजेडात फिका पडतो. मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या नळीत पीव्ही १९, म्हणजे टिकाऊ क्विनॅक्रिडोन असू शकतं. निळ्यासाठी थॅलो, पीबी १५, उत्तम. तो फार जोरकस असतो, जास्त झाला तर पांढऱ्या जागीही डाग पाडतो, तेव्हा अगदी थोडा घ्यावा. आणि डायक्रोमेट विषारी व कर्करोगकारक आहे. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका.