शब्द उसने, चादर कोणाची?

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैरागच्या आठवडी बाजारात चादर घेणारा ती उलगडतो, चिमटीत धरून वीण पाहतो आणि मगच भाव विचारतो. फोनवर चादर मागविणाऱ्याच्या हाती मात्र केवळ शब्द असतात. आणि आता तेही उसने! एका दुकानदाराने लिहिलेले वर्णन दुसरा उचलतो, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्यातील शब्द फिरवून घेतो आणि त्याखाली भलताच माल मांडतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या मांडणीचे रक्षण करतो, तीतील माहितीचे नव्हे. त्यामुळे मांडणी पालटली की चोरी सिद्ध करणे कठीण.

वस्तुतः शब्दचोरी हा येथील गौण अपराध होय. यंत्राने चादर कधी हाताळलेली नसते. तरी ‘अस्सल सोलापुरी, शंभर टक्के सुती’ हे ते निःशंकपणे लिहिते. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहे. परगावच्या मालास खोटेच ते नाव चिकटविल्यास १९९९ च्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यंत्राला कैद कोण करणार? परंतु विक्रेत्यास ती सबब नाही. वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास त्याने नकार देता कामा नये, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. वैरागच्या गिऱ्हाइकाने पावतीबरोबर ते वर्णनही जपून ठेवावे.