वहीत पूर्ण नाव

नंदुरबारच्या मैदानावर नाणेफेक होण्याआधी मी दोन्ही संघांची नावं वहीत उतरवून घेतो. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मुलांत वसावे, पाडवी, वळवी ही आडनावं एकाच संघात तीन-तीन वेळा येतात. म्हणून प्रत्येकाला पूर्ण नाव विचारतो. नुसतं ‘पाडवी’ लिहिलं तर उद्या त्या धावा कुणाच्या म्हणायच्या?

गुणलेखनात प्रत्येक चेंडू फलंदाजाच्या ओळीत आणि गोलंदाजाच्या चौकटीत असा दोन ठिकाणी उतरतो. धाव नसेल तर टिंब. पंचांनी उघडा पंजा डोक्यावर धरला तर बाय, उचललेल्या गुडघ्याला हात लावला तर लेगबाय. खूण समजल्याचा हात आम्ही वर करेपर्यंत ते थांबतात. या धावा फलंदाजाला मिळत नाहीत आणि गोलंदाजाच्या माथीही बसत नाहीत. षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून ‘एम’ काढायचा.

दोन्ही संघांचे गुणलेखक शेजारी बसतात. षटक संपलं की, “भाऊ, त्र्याण्णवला तीन?” “तीनच.” मग पुढचं षटक. डाव संपल्यावर फलंदाजांच्या धावांत अवांतर मिळवायच्या; गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय-लेगबाय मिळवायच्या. दोन्ही बेरजा एकच आल्या पाहिजेत. नाही आल्या, तर षटकाषटकाने मागे जायचं.

हे काम का जपायचं, ते प्रा. दि. ब. देवधरांच्या कारकिर्दीकडे पाहिलं की पटतं. पुण्याच्या या संस्कृतच्या प्राध्यापकाने १९२६ मध्ये मुंबईत, इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. कसोटी खेळायला त्यांना कधीच मिळालं नाही. पण त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या. १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली.

त्या खेळी पाहिलेलं आज कुणी भेटणं कठीण. तरी चाळिशीनंतर माणूस संपतो असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणू शकत नाही, कारण त्या धावा कुणीतरी चेंडूमागून चेंडू लिहून ठेवल्या.

आमच्या मुलांनाही तोच हक्क आहे. निवड करणारे प्रत्येक सामन्याला येत नाहीत. दुर्गम पाड्यावरून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलाची बाजू त्यांच्यापुढे मांडायला बऱ्याचदा वहीच असते. तिथे एक धावसुद्धा चुकीच्या नावावर जाता कामा नये. मैदान, जाळी, प्रशिक्षक यांच्याइतकाच नीट शिकलेला गुणलेखकही प्रत्येक तालुक्याला मिळाला पाहिजे.