ऑइल सील, मोटारगाडीतील
एंजिन, दंतचक्र पेटी अथवा मागील आसाचे कवच यांच्या भिंतीतून फिरता दंड जेथे बाहेर पडतो, तेथे आतील वंगण तेल बाहेर येऊ नये व बाहेरची धूळ आणि पाणी आत जाऊ नये, यासाठी बसविलेले वलयाकार साधन. स्थिर भागांमधील सांधा गॅसकेटने बंद करता येतो. फिरत्या दंडाभोवती मात्र घट्ट सांधा करणे शक्य नसते, कारण घर्षणाने तो जळून जाईल. ऑइल सीलचे काम त्यामुळे दुहेरी असते : तेल अडवावयाचे, पण स्वतःच्या ओठाखाली त्याचा अत्यंत पातळ थर राहू द्यावयाचा. हा थर सु. एक मायक्रोमीटर जाडीचा असतो. तो नाहीसा झाला तर ओठ करपतो व जाड झाला तर तेल ठिबकू लागते.

सामान्य ऑइल सीलमध्ये पोलादी पत्र्याचे कडे, त्यावर चिकटविलेला कृत्रिम रबराचा ओठ आणि ओठाला दंडावर दाबून धरणारी बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग असे तीन भाग असतात. धुळीसाठी बाहेरच्या बाजूस बहुधा आणखी एक लहान ओठ असतो. मुख्य ओठाची तेलाकडील बाजू अधिक उभी व हवेकडील बाजू उतरती असते. या असमान उतारामुळे दंड फिरत असताना ओठाखाली आलेले तेल पुन्हा आत ढकलले जाते. सील उलटे बसविल्यास हीच क्रिया विरुद्ध दिशेने घडते व नवे सीलही पहिल्या दिवसापासून गळते. सीलवर छापलेले ३५×५२×७ यांसारखे आकडे अनुक्रमे दंडाचा व्यास, बाहेरचा व्यास व जाडी मिमी. मध्ये दर्शवितात.

प्रारंभीच्या मोटारगाड्यांत या कामी नमदा, कातडे किंवा ग्रॅफाइट लावलेला दोर वापरीत. जर्मनीतील फ्रॉइडेनबेर्ख या कातडी कमावणाऱ्या कंपनीने पत्र्याच्या कड्यात कातड्याचा ओठ बसविलेले सील प्रचारात आणले. पुढे १९३० नंतरच्या दशकात कातड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. काही एंजिनांत भुजादंडाच्या मागील टोकाला सीलच नसे. दंडावर कोरलेल्या आट्यांनी तेल परत आत आणले जाई. अँबॅसडरच्या जुन्या १,४८९ घ. सेंमी. एंजिनात हीच रचना होती. धारवे झिजले की अशी एंजिने थोडीफार गळतच, आणि जुने मिस्त्री तो गाडीचा स्वभाव मानीत.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात मोटारगाड्यांच्या रचनेतील बदलाबरोबर गळतीची ठिकाणेही बदलली. कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीमध्ये एंजिन पुढे व गती मागील चाकांना, त्यामुळे दंतचक्र पेटीचे मागील टोक, मागील आसाचा पिनियन व चाकांकडे जाणारे अर्धे आस ही ठिकाणे पहावी लागत. याच कंपनीच्या डोंबिवलीजवळील कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने १९९४ पासून काही वर्षे प्यूजो ३०९ ही गाडी जुळविली गेली. तिच्यात एंजिन आडवे व गती पुढील चाकांना होती. आज एमएच ०४ व एमएच ०५ या ठाणे आणि कल्याण येथील नोंदणीच्या बहुतेक लहान गाड्या याच रचनेच्या आहेत. त्यांत दंतचक्र पेटीतून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दंडांची सीले अधिक त्रास देतात. खड्ड्यांतून वा पाण्यातून जाताना दंडावरील रबरी बूट फाटला, तर आत शिरलेली रेती सांध्याला ढिला करते व त्या हादऱ्याने सीलही खराब होते.

गळणारे सील हे पुष्कळदा कारण नसून लक्षण असते. एंजिनात दट्ट्याच्या कड्यांमधून काही ज्वलनवायू खाली भुजादंडाच्या कोठ्यात येतात. त्यांना बाहेर नेणारी नळी अथवा झडप काजळीने तुंबली, की कोठ्यातील दाब वाढतो आणि तो सर्वांत दुबळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. अशा एंजिनाचे सील कितीही वेळा बदलले, तरी गळती परत येते. आसाच्या कवचावरील श्वासछिद्र चिखलाने बुजल्यास तेथेही हेच होते. दुसरे कारण म्हणजे धारव्याची झीज : दंड मध्यापासून हलू लागला, की रबर त्याच्या मागे धावू शकत नाही. तिसरे कारण उष्णता. नायट्राइल रबर सु. १००° से. पर्यंत चांगले टिकते. त्यापलीकडे ते कडक होऊन चिरते, म्हणून भुजादंडासाठी फ्ल्युओरीन असलेले रबर किंवा पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन वापरतात. लोकलने मुंबईला जाणाऱ्यांच्या गाड्या आठवडाभर उभ्या राहतात. खाडीकाठच्या दमट हवेत ओठाच्या कडेशी दंडावर गंजाची बारीक रेघ उमटते व गाडी चालू लागल्यावर ती कानशीप्रमाणे ओठ कापते. कमी चाललेली गाडी गळत नाही, हा समज त्यामुळे खरा नाही.

गळतीचे स्थान ठरविणे हे दुरुस्तीपेक्षा कठीण असते. वाऱ्याने तेल मागे पसरते आणि सर्वांत खालच्या बिंदूवरून ठिबकते. झडपांच्या झाकणाचे गॅसकेट गळत असताना भुजादंडाचे मागील सील दोषी ठरविले जाणे ही गॅरेजमधील नेहमीची चूक आहे, आणि ती महाग पडते, कारण सील स्वस्त असले तरी त्यासाठी दंतचक्र पेटी उतरवावी लागते. म्हणून प्रथम तळ केरोसीनने धुऊन कोरडा करावा, संशयित जागी टाल्क पूड लावावी, गाडी थोडी चालवावी आणि ओल्या झालेल्या जागांपैकी सर्वांत वरची व पुढची जागा शोधावी. क्लचच्या कवचातून येणारे तेल काळे असेल तर ते एंजिनाचे व गंधकाचा उग्र वास येत असेल तर दंतचक्र पेटीचे समजावे. स्वयंचलित पेटीतील द्रव बहुधा तांबडा असतो. मिनिटाला एक थेंब अखंड गळला, तर दिवसाला सु. ७० मिलि. तेल जाते. तेलाची पातळी दांडीने तपासत राहिल्यास अशी गळती लगेच घातक ठरत नाही. मात्र दोन ठिकाणी थांबून चालत नाही. भुजादंडाचे तेल क्लचच्या तबकडीवर गेल्यास क्लच घसरतो, आणि मागील आसाचे तेल ब्रेकच्या अस्तरावर गेल्यास ते चाक ब्रेक धरत नाही. भिजलेले अस्तर धुऊन पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. ते बदलावेच.

द्विधाव रिक्षा व स्कूटर यांच्या एंजिनात सील फाटल्यास तेल खाली दिसत नाही. मॅग्नेटोकडील सीलमधून हवा आत ओढली जाऊन मिश्रण विरल होते व एंजिन तापते. क्लचकडील सीलमधून पेटीतील तेल ओढले जाऊन पांढरा धूर येतो.

सील बदलताना जुने सील काढणाऱ्या हत्याराचा ओरखडा दंडावर उठू देऊ नये. दंडावरून नख फिरवून पहावे. चर जाणवला तर नवे सील फार दिवस टिकत नाही. तेव्हा सील कवचात एक-दोन मिमी. पुढे-मागे बसवून ओठ अस्पर्शित जागी आणावा, किंवा दंडावर सु. पाव मिमी. जाडीची पोलादी बाही चढवावी. लेथवर पॉलिश करताना आट्यांसारख्या तिरप्या रेघा राहिल्या, तर त्या तेल बाहेर ओढतात. दंडाच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळून ओठाला तेल लावावे, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी व योग्य व्यासाच्या नळीने सील सरळ ठोकावे. पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीनचे सील याला अपवाद आहे. ते बहुधा कोरडेच बसवितात व दंड काही तास फिरवीत नाहीत. बाजारातील गळती थांबविणारी द्रव्ये कडक रबर मऊ करून फुगवितात. फाटलेल्या ओठाला वा चर पडलेल्या दंडाला त्यांचा उपयोग नाही, आणि मिळालेला आराम काही महिन्यांचाच असतो.

सीलची उलट परीक्षा पुरात होते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या परिसरात कल्याण व बदलापूर या भागांत पाणी चढले तेव्हा असंख्य वाहने बुडाली. चालून तापलेली पेटी वा आस एकदम थंड पाण्यात गेल्यास आतील हवा आकुंचन पावते आणि ओठाखालून किंवा श्वासछिद्रातून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, धारव्यांना गंज चढतो व काही आठवड्यांनी दंतचक्रे आवाज करू लागतात. पाण्यातून आलेल्या गाडीचे एंजिन सुरू करण्यापूर्वी एंजिन, पेटी व आस या तिन्हींचे तेल थोडे काढून पहावे. ते पांढरट असल्यास पूर्ण बदलावे व थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे. सील बाहेरून कोरडे दिसते म्हणून ही तपासणी टाळू नये.