चेटकीण कोण ठरवतं?

बालमित्रांनो, आपल्या पिंपळगावच्या बाजारात डांगर आलं, की घरी घारगे होतात. अमेरिकेत मात्र ऑक्टोबरअखेर हेच डांगर आतून कोरतात, त्याला डोळे-दात पाडतात आणि आत दिवा लावतात. ३१ ऑक्टोबरच्या या सणाचं नाव हॅलोविन. मुलं भुता-चेटकिणींची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात.

तिथलं सेलम शहर या सणासाठी फार प्रसिद्ध. १९८२ पासून तिथे दर ऑक्टोबरात जत्राच भरते. पोलिसांच्या बिल्ल्यावरही झाडूवर बसलेली चेटकीण आहे, बरं का! पण या गमतीमागची गोष्ट गमतीची नाही.

साल १६९२. सेलमजवळच्या खेड्यात धर्मगुरूच्या घरातल्या ९ आणि ११ वर्षांच्या दोन मुली अचानक किंचाळू लागल्या, अंग वेडंवाकडं करू लागल्या. वैद्याने करणीचं निदान केलं. मग मुलींनी नावं घेतली. पहिल्या तिघी कोण? एक गुलाम, एक भीक मागणारी आणि एक आजारी बाई. ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही, अशाच! भीक मागणाऱ्या बाईच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही तुरुंगात टाकलं.

पुरावा काय, तर ‘हिचं भूत येऊन मला छळतं’. ज्यांनी भीतीपोटी ‘होय, मी चेटकीण आहे’ असं कबूल केलं, ते वाचले. खरं बोलणारे मात्र फासावर गेले. १४ बायका आणि ५ पुरुष, असे १९ जण. एका म्हाताऱ्याला तर दगडांखाली चिरडून मारलं.

पुढे लोकांना पस्तावा झाला. एकेकाचं नाव निर्दोष ठरत गेलं. पण एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या मुलीचं नाव राहूनच गेलं. तिची फाशी टळली होती, तरी कागदोपत्री ती दोषीच! शेवटी आठवीच्या वर्गातल्या मुलांनी हे प्रकरण हाती घेतलं, आमदारांपर्यंत नेलं आणि २०२२ मध्ये तिचा डाग पुसला गेला. तब्बल ३२९ वर्षांनी!

तुम्ही म्हणाल, हे सगळं सातासमुद्रापारचं. तसं नाही, दोस्तांनो. आपल्या उत्तरेला नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी पाहायला दूरदूरचे लोक जातात. अंगावर नक्षी काढलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात. किती देखणा सण! पण त्याच डोंगरात आजवर कितीतरी बायकांना ‘डाकीण’ ठरवून मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं, काहींचा जीवही गेला. मूल आजारी पडलं, गुरं दगावली, की भगताला विचारायचं आणि तो एखाद्या बाईचं नाव घेणार! अनेकदा ती विधवा, एकटी असते. कधी कुणाचा तिच्या शेतावर डोळा असतो. आणि करणीची भीती काही सातपुड्यापुरतीच नाही. ती शिकलेल्यांच्या घरातही असते.

या अंधश्रद्धेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. कुणी करणी करतं, मंत्राने गाईचं दूध आटवतं, असा आळ घेऊन त्या माणसाचं जगणं मुश्कील केलं, तर सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. दंड वेगळाच.

कायदा मोठ्यांनी राबवायचा. मग तुम्ही काय करायचं? ताप आला, तर दवाखान्यात चला म्हणायचं. आणि गल्लीत कुणा आजीबद्दल ‘तिची नजर वाईट’ अशी कुजबुज ऐकलीत, तर ती पुढे सांगायची नाही. एकच प्रश्न विचारायचा : “कशावरून?” सेलममध्ये हा प्रश्न वेळेवर विचारला असता, तर १९ माणसं फासावर गेली नसती.

सोंगं खुशाल घ्या, डांगराचे दिवे लावा, होळीत नाचा. फक्त कुणा जित्याजागत्या माणसाला चेटकीण ठरवू नका. पटतंय ना?