दिवा ‘बंद’ आहे म्हणजे काय?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने विजेच्या दिव्यावर बोलावे याची काहींना गंमत वाटेल. पण प्रश्न तसा आपल्याच शास्त्रातला आहे. वैशेषिक परंपरेने ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. ‘इथे घडा नाही’ हेही एक ज्ञानच. मग दिवा बंद आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय नसते?

जुन्या बटणापाशी उत्तर सोपे होते. खटका उघडला, तारेचा जोड सुटला, प्रवाह शून्य. मोबाइलवर चालणारे किंवा माणसाची चाहूल घेणारे इलेक्ट्रॉनिक बटण मात्र दिवा बंद असतानाही जागे राहते. हुकूम ऐकायचा तर त्याला स्वतःला थोडी वीज लागते. ती कुठून घ्यायची?

ज्या बोर्डावर प्लगचा सॉकेट असतो, तिथे न्यूट्रलची तार आलेली असते. तिथे अडचण नाही. पण जिन्यात, न्हाणीघराबाहेर नुसते एकच बटण असते. तिथे बहुधा दोनच तारा असतात, एक फेजची आणि दुसरी दिव्याकडे जाणारी. मग ते बटण आपली वीज दिव्यातूनच खेचते. सिडकोची स्थापना १९७० ची. वाशीच्या पहिल्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा घरोघर पिवळे बल्ब आणि ट्यूबलाइट होत्या. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बमधून एवढासा प्रवाह गेला तरी तार तापत नाही, कुणाला कळतही नाही.

२०१५ च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे सवलतीत वाटले गेले. एलईडीच्या पोटात एक छोटे सर्किट असते, त्यात कपॅसिटर असतो. तो झिरपणारा प्रवाह कपॅसिटरमध्ये थेंबथेंब साठतो, पुरेसा साठला की दिवा एकदम लुकलुकतो, रिकामा होतो, पुन्हा साठू लागतो. रात्री जिन्यात बंद दिवा मिचमिचतो आणि लोक म्हणतात, बल्ब खराब निघाला. बल्ब बिचारा निर्दोष असतो बरं का! उलटही घडते. काही बटणांना चालू राहण्यासाठी किमान भार लागतो. नऊ वॅटचा दिवा तो भार देत नाही, म्हणून लावला तरी थरथरतो किंवा विझतो.

उपाय तीन. पहिला, वायरमनकडून न्यूट्रल ओढून घेणे, सर्वांत चांगला. दुसरा, दिव्याला समांतर बायपास बसवणे, म्हणजे झिरपणाऱ्या प्रवाहाला वेगळी वाट मिळते. तिसरा, बटण साधेच ठेवून बल्बच स्मार्ट घेणे. पण मग भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. पाहुण्याने सवयीने ते बंद केले की मोबाइलवरून कितीही हाका मारा, दिवा उत्तर देत नाही.

आता हिशेब करू. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट. नऊ वॅटचा एलईडी सुमारे १६. ही बचत खरी. पण स्मार्ट बल्ब झोपेत अर्धा वॅट खात असेल, तर वर्षाला चारेक युनिट नुसती वाट पाहण्यात जातात. माळ्यावरचा दिवा रोज दहा मिनिटे लागतो, त्याला वर्षाला अर्धे युनिट पुरते. तिथे स्मार्ट बल्ब लावला तर उजेडापेक्षा आठपट वीज प्रतीक्षेला! मग आपण वाचवले काय?

याउलट आजी-आजोबा रात्री उठतात, त्या वाटेवर पाऊल पडताच लागणारा दिवा असेल, तर तिथे चार युनिटांचा हिशेब मांडू नये. पडल्यावर मोडलेल्या हाडाची किंमत युनिटांत मोजता येत नाही. म्हणून यंत्र निवडण्याआधी प्रयोजन विचारावे.

शेवटची गोष्ट जिवाची आहे, ती नीट ऐका. इलेक्ट्रॉनिक बटणाने बंद केलेल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत वीज पोहोचलेली असू शकते. दिसत नाही, म्हणून ती नाही असे नव्हे. बल्ब बदलताना मुख्य बोर्डावरचा एमसीबी खाली करा, मगच स्टुलावर चढा. घरात कामाला येणाऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.