नियोजन-परवानगीविषयक अपील

जमिनीच्या विकासासाठी केलेला अर्ज स्थानिक संस्थेने नामंजूर केला, जाचक अटींवर मंजूर केला किंवा विहित मुदतीत निकालातच काढला नाही, तर त्याविरुद्ध वरिष्ठ सत्तेकडे दाद मागण्याची कायदेशीर तरतूद. ‘विकास’ या संज्ञेत बांधकाम व खाणकाम यांप्रमाणेच जमिनीच्या वा इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही मोडतो. राहत्या घराचे दुकान करणे हाही विकासच होय. ही पद्धती प्रामुख्याने ब्रिटनमध्ये आकारास आली. त्यामुळे येथे मुख्यतः इंग्लंडमधील व्यवस्थेचे विवेचन केले आहे.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने (अंमल १ जुलै १९४८) जमिनीची मालकी खाजगी ठेवली. परंतु तिचा विकास करण्याचा हक्क मात्र शासनाच्या हाती घेतला. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक विकासकार्यास स्थानिक नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे बहुधा तेथील परिषदेची, परवानगी आवश्यक ठरली. परवानगी नाकारली गेल्यास सामान्यतः नुकसानभरपाई मिळत नसल्याने जमीनमालकाच्या दृष्टीने अपील हाच खरा आधार उरला. प्रारंभी सर्व अपिलांचा निर्णय मंत्री करीत असे. त्याने नेमलेला निरीक्षक स्थानिक चौकशी घेऊन अहवाल सादर करी. पण तो अहवाल पक्षकारांना दाखविला जात नसे. शासकीय न्यायाधिकरणे व चौकश्या यांचा विचार करणाऱ्या फ्रँक्स समितीने १९५७ मध्ये खुलेपणा, न्याय्यता व निःपक्षपातीपणा या तीन कसोट्या सांगितल्या आणि त्यांनुसार निरीक्षकांचे अहवाल पक्षकारांना उपलब्ध होऊ लागले.

मात्र अहवाल खुला झाला, म्हणजे निर्णयप्रक्रिया खुली झाली, असे नव्हे. एसेक्स परगण्यातील सॅफ्रन वॉल्डन येथील खडूच्या खाणीच्या प्रकरणात हे प्रकर्षाने दिसून आले. खाणीस परवानगी नाकारली गेल्यावर कंपनीने अपील केले. खडूची धूळ उडून शेजारची शेती व पशुधन यांची हानी होईल, या कारणास्तव अपील फेटाळावे, अशी शिफारस निरीक्षकाने केली. तथापि मंत्र्याने चौकशी संपल्यानंतर कृषी मंत्रालयाच्या तज्ज्ञांचे मत परस्पर मागविले आणि अपील मंजूर केले. त्या मताला उत्तर देण्याची संधी शेजाऱ्यांना मिळालीच नाही. ते उच्च न्यायालयात गेले; पण कायद्याच्या अर्थाने ते ‘व्यथित व्यक्ती’ ठरत नाहीत, असा निर्णय १९६० मध्ये झाला. धूळ ज्यांच्या शेतात येणार, त्यांनाच व्यथित न मानणारा हा निर्णय बराच टीकापात्र ठरला. पुढे १९६२ च्या नियमांनी, नव्या पुराव्याच्या आधारे निरीक्षकाच्या शिफारशीविरुद्ध निर्णय द्यावयाचा असल्यास तो पुरावा पक्षकारांना कळवून त्यांचे म्हणणे मागविणे मंत्र्यावर बंधनकारक केले. न्यायालयांनीही १९७३ पासून ‘व्यथित व्यक्ती’ या संज्ञेचा अर्थ अधिक व्यापक केला.

विद्यमान तरतुदी मुख्यतः १९९० च्या अधिनियमात आहेत. अपील सर्वसाधारणपणे निर्णयानंतर ६ महिन्यांच्या आत करावे लागते. राहत्या घराच्या वाढीव बांधकामासारख्या प्रकरणी ही मुदत १२ आठवड्यांची आहे. लहान अर्जाचा निकाल ८ आठवड्यांत व मोठ्या अर्जाचा १३ आठवड्यांत न लागल्यास तेवढ्याच कारणावरूनही अपील करता येते. लेखी निवेदने, अनौपचारिक सुनावणी व उलटतपासणीसह होणारी सार्वजनिक चौकशी, असे कामकाजाचे तीन प्रकार असून बहुसंख्य प्रकरणे लेखी निवेदनांवरच निकालात निघतात. निरीक्षक साधारणपणे जागेची पाहणी करतो. १९६८ च्या अधिनियमाने निर्णयाचा अधिकार निरीक्षकांकडे सोपविण्याची सोय झाली आणि आज बहुतेक अपिलांचा निर्णय मंत्र्याच्या वतीने तेच देतात. महत्त्वाची प्रकरणे मात्र मंत्री स्वतःकडे घेऊ शकतो. धोरण ठरविणाऱ्यानेच निवाडा करावा काय, हा आक्षेप मानवी हक्कांच्या आधारे हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे मांडण्यात आला होता. निर्णयाच्या वैधतेवर न्यायालयाची देखरेख असल्याने ही पद्धती हक्कभंग करीत नाही, असे त्या सभागृहाने २००१ मध्ये ठरविले.

अपिलात संपूर्ण प्रकरणाचा नव्याने विचार होतो. त्यामुळे केवळ एका अटीविरुद्ध अपील करणाऱ्याची मूळ परवानगीच रद्द होण्याचाही संभव असतो. स्थानिक विकास योजना हा विचाराचा पाया होय. इतर महत्त्वाच्या बाबी विरुद्ध जात नसतील, तर तिच्यानुसारच निर्णय द्यावा लागतो. शेजाऱ्याच्या घराची किंमत घटेल, हा युक्तिवाद सहसा ग्राह्य धरत नाहीत. प्रकाश, एकांत व रहदारी यांवरील परिणाम मात्र विचारात घेतात. ज्याचा त्याने खर्च सोसावा, असा सामान्य नियम आहे. पण अवाजवी वर्तन करणाऱ्या पक्षाकडून खर्च वसूल करता येतो. निर्णयाविरुद्ध सहा आठवड्यांच्या आत, तेही केवळ कायद्याच्या मुद्द्यावर आणि न्यायालयाच्या अनुमतीने, उच्च न्यायालयात जाता येते.

अपिलाचा हक्क इंग्लंडमध्ये फक्त अर्जदारास आहे. परवानगी मिळाल्यामुळे ज्याचे नुकसान होते, त्या शेजाऱ्यास न्यायालयीन पुनर्विलोकनाचा खर्चिक मार्गच उरतो. याउलट आयर्लंडमध्ये मूळ अर्जावर लेखी म्हणणे मांडलेल्या कोणाही नागरिकास अपील करता येते. यामुळे प्रकल्प रेंगाळतात, अशी तक्रार तेथे नेहमी केली जाते. पण प्रकल्पाचा ताप कोणाला सोसावा लागेल, याचा विचार केल्यास आयर्लंडची पद्धतीच अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

ब्रिटनच्या १९०९ च्या कायद्याच्या धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये नगररचना अधिनियम करण्यात आला. महाराष्ट्रात सध्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. त्याच्या कलम ४७ अन्वये महानगरपालिका, नगरपरिषद इ. नियोजन प्राधिकरणांच्या आदेशाविरुद्ध तो कळविल्यापासून ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या व उपसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येते. दोन्ही पक्षांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. परंतु इंग्लंडप्रमाणे स्वतंत्र निरीक्षकवर्ग येथे नाही. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास, प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तर, परवानगी मिळाली असे मानण्यात येते. येथेही अपिलाचा हक्क अर्जदारापुरताच आहे. शेजाऱ्यांना अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. कर्नाटकातील उडुपी येथे निवासी विभागात नगररचना योजनेविरुद्ध चित्रपटगृहास दिलेल्या परवानगीच्या खटल्यात, अशा बेकायदेशीर बांधकामाने परिसरातील रहिवाशांच्या मालमत्तेच्या उपभोगास बाध येतो, म्हणून त्यांना दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केले.